कार्ड विसरलं, आता काय? अंतराने उजळणी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला दर रविवारी सकाळी आमचा छोटा अभ्यासगट बसतो. कुणी जर्मन शिकतं, कुणी जपानी. मिरजेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या दोन-तीन जणी कन्नड शिकतात, कारण त्यांच्याकडे अथणी, चिक्कोडी, विजापूरकडचे पेशंट रोज येतात. बहुतेक जण मोबाइलवर अँकी हे कार्डांचं अ‍ॅप वापरतात, काही जण कागदाची कार्डं. एका बाजूला शब्द, दुसरीकडे अर्थ, आणि आठवलेलं कार्ड वाढत्या अंतराने पुन्हा समोर येतं. गटात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते विसरलेल्या कार्डांबद्दल. तेच इथे एकत्र केले आहेत.

१. रोज पाच-दहा कार्डं तरी चुकतातच. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून, किती वेळाने किती विसरतो याची मोजमापं घेतली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. पाठ केल्यावर पहिल्या काही तासांत घसरण सगळ्यात मोठी असते, पुढे ती मंदावते. हे प्रत्येकाच्या बाबतीत होतं.

अंतराने उजळणी याच घसरणीवर बेतलेली आहे. कार्ड विसरायच्या जरा आधी ते समोर यावं, असा हिशेब असतो. अँकीत एफएसआरएस (अंतरं ठरवायची नवी पद्धत) चालू केलं की आठवण्याचं लक्ष्य मुळातच ९० टक्के ठेवलेलं असतं. म्हणजे दिवसाला ८० कार्डं येत असतील तर सात-आठ चुकणं हे त्या हिशेबातच धरलेलं आहे. एकही चुकत नसेल तर कार्डं गरजेपेक्षा लवकर येत आहेत आणि तुमचा वेळ फुकट जातो आहे. मात्र चारातलं एक चुकत असेल, तर बहुतेक वेळा दोष कार्डांचा असतो (प्रश्न ५ आणि ६) किंवा नवी कार्डं फार घेतली जात असतात (प्रश्न ९).

२. कार्ड समोर आलं आणि आठवत नाही. नेमकं काय करायचं?

आठ-दहा सेकंद खरोखर आठवून पाहा. शब्दाचं पहिलं अक्षर, तो कुठे ऐकला होता, कुठल्या वाक्यात होता, यातलं जे सापडेल ते पकडा. आलं नाही तर उलटा. उत्तर नुसतं डोळ्यांखालून घालू नका, मोठ्याने म्हणा, त्यातलं वाक्यही म्हणा आणि ‘अगेन’ (‘आठवलं नाही’चं बटण) दाबा. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते दहा मिनिटांनी परत येईल, तेव्हा पुन्हा आठवून बघा.

पहिल्या दोन सेकंदांत उत्तर उघडायची सवय मात्र मोडा. आठवायचा प्रयत्न फसला तरी त्यानंतर पाहिलेलं उत्तर जास्त पक्कं बसतं. याउलट मिनिटभर एकाच कार्डावर अडून बसण्यातही काही मिळत नाही. सगळी बैठकच लांबते आणि दुसऱ्या दिवशी नको वाटते.

३. अर्धवट आठवलं तर ‘हार्ड’ दाबलं तर चालेल का? ‘अगेन’ दाबायला जीव होत नाही.

चालणार नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त नुकसान या एका बटणाने केलं आहे. ‘हार्ड’चा अर्थ ‘आठवलं, पण कष्टाने’ असा आहे. अ‍ॅपच्या लेखी ते पास झालेलं कार्ड असतं आणि त्याचं अंतर साधारणपणे वाढतंच. न आठवलेल्या कार्डावर ‘हार्ड’ दाबत राहिलात तर तुम्हाला न येणारे शब्द तीन-तीन आठवडे दूर जातात आणि परत आले की पुन्हा कोरे. एफएसआरएस तर तुमच्या बटणांवरूनच तुमची विस्मरणाची गती शिकतं. त्याला खोटं सांगितलं की सगळ्याच कार्डांची अंतरं बिघडतात.

अर्धवट म्हणजे काय, हे मात्र आधी ठरवून ठेवा. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी (देअर लोफेल), काटा स्त्रीलिंगी (दी गाबेल) आणि सुरी नपुंसकलिंगी (दास मेसर). आपल्या भाषेतही तीन लिंगं असल्यामुळे ही कल्पना आपल्याला नवी नाही, पण त्यामुळेच ‘तो काटा’, ‘ती सुरी’ मध्ये घुसतात. कार्डावर तुम्ही लिंग विचारलं असेल आणि ते चुकलं, तर शब्द आठवूनही ‘अगेन’. लिंग विचारलंच नसेल तर ‘गुड’ (आठवलं). कार्ड जेवढं विचारतं तेवढ्याचाच न्याय करा. टाइप करताना बोट चुकलं, पण उत्तर मनात बरोबर होतं, तर ते विस्मरण नाही.

४. चार महिन्यांवर गेलेलं कार्ड ‘अगेन’ दाबताच एका दिवसावर आलं. सगळी मेहनत वाया गेली का?

वाया जात नाही. एबिंगहाउसनेच हेही मोजलं होतं. विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो. आठवत नसलं तरी आत काहीतरी शिल्लक असतं. म्हणून असं कार्ड पुन्हा बसवायला नव्या कार्डाइतके फेरे लागत नाहीत.

अ‍ॅपची वागणूक मात्र पद्धतीप्रमाणे बदलते. अँकीची जुनी पद्धत १९८७ च्या सुपरमेमो या उजळणीच्या प्रोग्राममधल्या, पिओत्र वोझ्नियाक यांच्या सूत्रावर आधारलेली आहे. तिच्यात मूळ सेटिंगला विसरलेलं कार्ड एका दिवसाच्या अंतरावर येतं. हे फार कडक वाटत असेल तर ‘लॅप्सेस’खालचं ‘न्यू इंटरव्हल’ शून्यावरून २०-३० टक्क्यांवर नेता येतं. अंतर चार महिन्यांचं असेल तर विसरल्यावर ते महिनाभराच्या आसपास राहतं. मी स्वतः हे फार करत नाही. चार महिन्यांनी विसरलेला शब्द दोन दिवसांत परत एकदा भेटलेला बरा असतो. २०२३ पासून अँकीत आलेलं एफएसआरएस कार्डाचा मागचा इतिहास धरून नवं अंतर काढतं, त्यामुळे तिथे या सेटिंगला हात लावायचं कारणच उरत नाही.

५. एकच कार्ड आठ-दहा वेळा विसरलं. अ‍ॅपने त्यावर ‘लीच’ लिहिलं आहे. हे काय असतं?

लीच म्हणजे जळू. शिकून झालेलं कार्ड उजळणीत आठ वेळा चुकलं की अँकी त्यावर ही खूण करतं आणि सेटिंगप्रमाणे ते बाजूला काढतं किंवा नुसतीच खूण ठेवतं. नाव अगदी योग्य आहे. शंभरातली पाच अशी कार्डं तुमचा निम्मा वेळ आणि सगळा उत्साह पितात.

जळू कार्डाला जास्त उजळणी द्यायची नाही. आठ वेळा जे चाललं नाही ते नवव्यांदाही चालणार नाही. कार्ड बदलायचं.

आमच्या गटातल्या एका सिस्टरचं उदाहरण सांगतो. कन्नडमधला ‘उप्पु’ (मीठ) हा शब्द त्यांच्या डोक्यात काही केल्या बसेना. कार्डावर एका बाजूला ‘उप्पु’, दुसरीकडे ‘मीठ’, बाकी काही नाही. रविवारी नाश्त्याला उप्पीट होतं. कुणीतरी म्हणालं, अहो, उप्पीट म्हणजे ‘उप्पु’ अधिक ‘हिट्टु’, मीठ आणि पीठ. सिस्टरने चमचा ताटात ठेवला, तिथेच मोबाइल काढला आणि कार्डावर ‘उप्पीटातला उप्पु’ असं लिहिलं. त्यानंतर ते कार्ड त्यांच्याकडून चुकलेलं मी पाहिलं नाही, आणि ‘हिट्टु’ही सोबत बसला.

जळू कार्ड हातात आलं की मी या क्रमाने बघतो. मला या शब्दाची खरंच गरज आहे का? नसेल तर थांबवून टाकतो (प्रश्न १२). एका कार्डावर दोन-तीन गोष्टी कोंबल्या आहेत का? असतील तर कार्डं वेगळी करतो. शब्द एकटाच उभा आहे का? मग त्याला वाक्य देतो, आणि ते वाक्य माझ्या घरातलं, माझ्या गल्लीतलं असेल असं बघतो. त्याला ओळखीच्या शब्दाचा आधार आहे का? कन्नड शिकणाऱ्यांचं नशीब इथे चांगलं आहे. अक्का, अण्णा, अडकित्ता असे कितीतरी शब्द आपण तिकडूनच घेतलेले आहेत. आणि शेवटचं, याची दुसऱ्या एखाद्या शब्दाशी गल्लत होते का? जळू कार्डांत हे कारण सर्वांत जास्त सापडतं, म्हणून त्याला वेगळा प्रश्न दिला आहे.

६. दोन सारखे शब्द सतत एकमेकांत मिसळतात. एक सुधारला की दुसरा बिघडतो.

कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध, हल्लु म्हणजे दात, हुल्लु म्हणजे गवत आणि हळ्ळि म्हणजे खेडं. जपानीत ‘ब्योऊइन’ म्हणजे दवाखाना आणि ‘बियोऊइन’ म्हणजे ब्यूटी पार्लर. ‘ओबासान’ मावशी-काकू आणि ‘ओबाऽसान’ आजी. जर्मनमध्ये ‘कुखेन’ म्हणजे केक आणि ‘क्युशे’ म्हणजे स्वयंपाकघर. असे शब्द एकाच आठवड्यात शिकायला घेतले की विसरण्याचं खरं कारण विस्मरण नसतंच. दोन्ही शब्द डोक्यात असतात, फक्त कुठला कुणाचा ते ठरत नाही. अशा वेळी दोन्ही कार्डांवर ‘अगेन’ दाबत बसणं म्हणजे दोघांना पुन्हा पुन्हा एकत्र आणून भांडण वाढवणं.

पहिलं काम म्हणजे दोघांतला एक शब्द तीन-चार आठवडे थांबवायचा. जास्त गरजेचा असेल तो ठेवायचा. तो डोळे झाकून यायला लागला की दुसऱ्याला आत घ्यायचं.

दुसरं काम म्हणजे प्रत्येकाला त्याचं स्वतःचं वाक्य द्यायचं, आणि त्या वाक्यात दुसरा शब्द बसूच शकणार नाही असं बघायचं. वर सांगितलेल्या सिस्टरकडे हालु-हल्लुची जोडी दोन महिने नाचत होती. मग एका आजींनी गालावर हात धरून ‘हल्लु नोवु’ (दात दुखतोय) म्हटलं. तेच कार्डावर गेलं, मागच्या बाजूला गालावर हात धरलेल्या बाईचं पेनाने काढलेलं चित्र. दुधासाठी ‘हालु बेका?’ (दूध पाहिजे का?). सुटा शब्द कार्डावर ठेवलाच नाही.

तिसरं काम सगळ्यात शेवटी: दोन्ही शब्द स्वतंत्रपणे यायला लागल्यावर एकच तुलनेचं कार्ड करायचं. ‘लांब आ असलेला कोणता, दूध की दात?’ हे कार्ड आधीच केलंत तर गोंधळ वाढतो.

७. परका शब्द दिसला की मराठी अर्थ लगेच येतो, पण मराठीवरून परका शब्द येत नाही. मग ते कार्ड विसरलेलं धरायचं का?

ती दोन वेगळी कौशल्यं आहेत, म्हणून कार्डंही दोन हवीत आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा. मराठीवरून परका शब्द काढणं नेहमीच अवघड असतं, तिथे चुका जास्त होणार हे धरून चाला. फक्त वाचायचं असेल तर उलटी बाजू ठेवूच नका. बोलायचं असेल तर निवडक शब्दांनाच ठेवा. मराठी बाजूला दोन उत्तरं निघत असतील (‘सांगणे’साठी दोन क्रियापदं) तर कंसात इशारा लिहा, नाहीतर बरोबर उत्तर देऊनही चुकल्यासारखं वाटतं.

८. डाउनलोड केलेल्या डेकमध्ये (कार्डांच्या संचात) अर्थ इंग्रजीत आहेत. त्यामुळे जास्त विसरतो का?

ज्यांना इंग्रजीत विचार करायची सवय नाही, त्यांच्या बाबतीत हो. परका शब्द, त्याचा इंग्रजी अर्थ आणि मग मराठी असा फेरा पडतो आणि मधली कडी सुटते. शिवाय मराठीत जे सहज आहे ते इंग्रजीत हरवतं. जर्मनचं ‘दू’ आणि ‘झी’ हे आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’शी जुळतं, इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. जपानी आणि कन्नड वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, ते इंग्रजी भाषांतरात उलटंपालटं होतं.

सगळं डेक बदलत बसू नका. चुकलेलं कार्ड त्याच वेळी मराठी करा. दोन-तीन महिन्यांत ज्यांची गरज होती ती सगळी आपोआप मराठी होतात.

९. लग्नसराई, गणपती, आजारपण यात महिनाभर अ‍ॅप उघडलंच नाही. आता नऊशे कार्डं साठली आहेत. सगळं पुसून नव्याने सुरू करू का?

पुसू नका. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्यातल्या कुणीच तीन आठवडे कार्डांना हात लावला नव्हता. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचे दोन महिने गेले. परत आल्यावर जे पाहिलं ते असं: वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जास्त आठवत होतं. उशिरा आलेलं कार्ड आठवलं तर अ‍ॅप त्या उशिराचंही श्रेय देतं आणि पुढचं अंतर आणखी लांब करतं. पुसून टाकलंत तर हे सगळं जातं.

नवी कार्डं पूर्ण बंद करा. रोजची मर्यादा ठरवा, साठ म्हणजे साठ, त्याच्या वर नाही. डेकच्या सेटिंगमध्ये उजळणीचा क्रम बदलता येतो. मी अजून बहुधा आठवत असतील अशी कार्डं आधी घेतो. ती वाचवता येतात. जी विसरलीच आहेत ती आठवडाभर आणखी थांबली तरी फारसा फरक पडत नाही. पहिल्या आठवड्यात ‘अगेन’ खूप दाबावं लागेल, तरी प्रश्न ३ मधला नियम इथेही तोच. ढीग संपेपर्यंत नवं कार्ड नाही, यावर ठाम राहा. आमचा अनुभव असा की रोज दहा नवी कार्डं घेतली की काही आठवड्यांत त्याच्या सात ते दहा पट उजळणी रोज समोर येते. ढीग बहुतेक वेळा सुट्टीमुळे साठत नाही, नव्या कार्डांच्या हौसेमुळे साठतो.

१०. मी मोबाइल वापरत नाही. कागदाच्या कार्डांत विसरलेलं कार्ड कुठे ठेवायचं?

झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली मांडलेली खोक्याची पद्धत वापरा. पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज, पुढचे वाढत्या अंतराने. आमच्याकडे दोन, चार, आठ आणि सोळा दिवस असं चालतं. आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलेलं कार्ड थेट पहिल्यात. काही जण एकच कप्पा मागे नेतात. पाचव्या कप्प्यातून पडलेल्या कार्डाला ते चालतं, दुसऱ्या-तिसऱ्या कप्प्यातल्याला मी थेट पहिल्यातच टाकतो.

कार्डासाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. जाड असतात, मागची बाजू कोरी असते, कापून चार कार्डं निघतात. विसरलं की कोपऱ्यावर पेन्सिलीने एक टिंब द्या. पाच टिंबं झाली की ते कार्ड जळू समजा आणि प्रश्न ५ प्रमाणे नव्याने लिहा. आणि खोका वरच्या फळीवर ठेवा. माझा २०१९ मध्ये खालच्या कप्प्यात होता, सगळी शाई पसरली.

११. चुकून ‘गुड’ दाबलं गेलं. परत कसं फिरवायचं?

कंप्यूटरवर कंट्रोल आणि झेड, मोबाइलवर ‘अनडू’. बैठक संपल्यावर लक्षात आलं तर सोडून द्या, पुढच्या फेरीत कार्ड स्वतःच सांगेल.

१२. वैताग देणारं कार्ड काढून टाकलं तर ती पळवाट होईल का?

नाही होत. भाषेत हजारो शब्द आहेत आणि हा एक आज नाही आला तर काही अडत नाही. वाचताना-ऐकताना तो पुन्हा भेटला तर गरजेचा आहे हे तेव्हा कळेल. पुसण्याऐवजी ‘सस्पेंड’ करा, म्हणजे इतिहास राहतो आणि केव्हाही परत आणता येतं. मी महिन्यातून एकदा थांबवलेली कार्डं चाळतो. निम्मी तशीच राहतात.

१३. कार्ड हल्ली बरोबर येतं, तरी दर तीन-चार दिवसांनी परत येतं. असं का?

जुन्या पद्धतीत प्रत्येक कार्डाला एक गुणक असतो (पुढचं अंतर किती पट वाढवायचं ते), सुरुवातीला २५० टक्के. दर ‘अगेन’ला तो २० ने आणि दर ‘हार्ड’ला १५ ने उतरतो, खाली १३० पर्यंत. ‘गुड’ने तो वर चढत नाही, फक्त ‘इझी’ने चढतो. सुरुवातीला खूपदा चुकलेलं कार्ड मग पक्कं झालं तरी तळालाच अडकून राहतं. उपाय सोपा आहे. एफएसआरएसवर जा, तिथे हा गुणकच नाही. जायचं नसेल तर अशा कार्डांवर मनापासून ‘इझी’ दाबा.

आठवणीचं लक्ष्य ९७-९८ टक्क्यांवर नेऊन कधीच न विसरायची सोय होईल असं समजू नका. शेवटच्या त्या थोड्या टक्क्यांसाठी उजळणी कित्येक पटींनी वाढते.

१४. परीक्षा आठ दिवसांवर आली आहे. चुकणाऱ्या कार्डांचं काय करू?

जपानीची जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये असते आणि आमच्याकडचे लोक त्यासाठी पुण्याला जातात, त्यामुळे वर्षातून दोनदा हा प्रश्न येतोच. शेवटच्या आठवड्यात नवं कार्ड घेऊ नका. ‘कस्टम स्टडी’मध्ये गेल्या काही दिवसांत विसरलेली कार्डं वेगळी काढायची सोय आहे. ती रोज संध्याकाळी एकदा घ्या, आणि नेहमीची उजळणी सकाळी चालू ठेवा. या घोकंपट्टीने आलेले शब्द परीक्षेनंतर गळतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, नेहमीच्या क्रमात ते परत भेटतील.

१५. कार्डावर शब्द पटकन येतो, पण समोरचा बोलला की कळत नाही. हे विसरणंच ना?

कार्ड विसरलं नाही, कार्डाने वेगळंच शिकवलं. पुस्तकात ‘हो’साठी ‘हौदु’ लिहिलेलं असतं, उत्तर कर्नाटकातला माणूस ‘हौद्री’ म्हणतो. शब्द डोळ्यांना ओळखीचा आहे, कानांना नाही. अशा कार्डाला ‘अगेन’ देऊन उपयोग नाही, त्याला आवाज द्या. अँकीच्या कार्डात आवाज रेकॉर्ड करून घालता येतो. आमच्या सिस्टरनी त्यांच्याच वॉर्डातल्या अथणीच्या मावशींना विनंती करून चाळीस शब्द बोलून घेतले. कार्डाच्या पुढच्या बाजूला आता अक्षरच नाही, फक्त आवाज. पहिल्या दिवशी चाळीसपैकी तेवीस चुकले, सगळे ‘येणारे’ शब्द. त्या मावशी जाता-येता विचारतात, किती आले आज?